एकट्याच्या पगारावर नागपुरात पहिलं घर: बयाण्याआधीचा आणि ताब्यानंतरचा हिशेब

एकट्याने घर घेणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा क्रमात होते. आधी फ्लॅट बघतात, आवडला की बयाणा देतात आणि त्यानंतर बँकेत जाऊन कर्ज किती मिळेल ते विचारतात. हिशेबही हप्त्यापाशीच थांबतो. दोन पगारांच्या घरात ही चूक निभावून जाते, कारण एकाचा पगार अडला तर दुसऱ्याचा असतो. एकट्या माणसाला तशी मुभा नाही, म्हणून त्याने क्रम पाळायलाच हवा.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. हातात येणारा पगार ६५,००० रुपये, त्रिमूर्तीनगरात ११,००० रुपये भाड्याची खोली, आणि मनीषनगर-बेसा-बेलतरोडी पट्ट्यात तयार फ्लॅट घ्यायची इच्छा. आपले आकडे घालून हेच गणित स्वतःसाठी मांडा.

टप्पा १: आज पैसा कुठे जातो ते लिहा

मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास काढा. प्रत्येक खर्च तीनपैकी एका रकान्यात टाका: दर महिन्याला होणारा, वर्षातून एकदा-दोनदा होणारा, आणि टाळता आला असता असा. दुसरा रकाना सगळ्यांचाच रिकामा राहतो आणि बजेट तिथेच फसतं. गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, दिवाळी, घरच्या लग्नांतला आहेर, गावी जाणं-येणं या सगळ्याची वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि तो आकडा महिन्याच्या खर्चात धरा.

तुम्ही अजून आईवडिलांकडे राहत असाल तर स्टेटमेंट तुम्हाला फसवेल. गॅस सिलिंडर, तेल, डाळ-तांदूळ, धुणंभांड्याच्या बाईंचा पगार, झाडू, फिनाइल, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर यांतलं काहीच तुमच्या खात्यातून जात नाही. आईसोबत बसा आणि महिनाभराचं सामान ओळीने लिहून घ्या. चार माणसांच्या खर्चाचा चौथा हिस्सा म्हणजे एकट्याचा खर्च, असं समजू नका. काम करणाऱ्या बाई, इंटरनेट, फ्रिजची वीज हे खर्च एकट्याच्या घरातही जवळपास तेवढेच राहतात.

तपासा: आपल्या उदाहरणात भाडं सोडून महिन्याचा सगळा खर्च २२,००० रुपये येतो असं धरू. तुमचा हाच आकडा तुम्हाला न अडखळता सांगता येत नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

टप्पा २: बँक किती देईल ते बाजूला ठेवा, किती झेपेल ते काढा

पगार आणि इतर हप्ते बघून बँका बऱ्याचदा हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता मंजूर करतात. माझ्या मते एकट्या कमावत्या माणसाने घराशी संबंधित सगळा खर्च मिळून ४० टक्क्यांच्या आत ठेवावा. त्यात हप्ता आहेच, शिवाय मेंटेनन्स, मालमत्ता कर, पाणी, दुरुस्ती आणि विमाही आहे.

६५,००० चे ४० टक्के म्हणजे २६,००० रुपये. मेंटेनन्स २,०००, मालमत्ता कर आणि पाणी मिळून १,०००, दुरुस्तीसाठी बाजूला १,२०० आणि विमा ८०० असे ५,००० वजा केले की हप्त्यासाठी २१,००० उरतात. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखामागे हप्ता ८६८ रुपयांच्या आसपास बसतो. म्हणजे झेपणारं कर्ज २४ लाख, हप्ता सुमारे २०,८३०.

आता ४० लाखांचा फ्लॅट धरा. बँक त्यावर ३२ लाख देऊ शकते, उरलेले आठ लाख तुमचे. हप्ता २७,७७० होतो आणि वरचे ५,००० मिळून पगाराचा निम्मा भाग घरात जातो. बँकेच्या नियमात हे बसतं, पण नोकरी बदलताना दोन महिन्यांचा खंड पडला किंवा दवाखाना मागे लागला तर अशा घराचे वांधे होतात. स्वतःचे तेवढेच आठ लाख घालून ३२ लाखांचं घर घेतलं तर कर्ज २४ लाखांवर राहतं.

इशारा: पात्रता वाढवायला वडिलांना किंवा भावाला सहकर्जदार करण्याचा सल्ला लगेच मिळतो. वडील निवृत्तीच्या जवळ असतील तर बँक मुदत कमी करू शकते. भाऊ सहकर्जदार झाला तर उद्या त्याच्या स्वतःच्या घरकर्जाची पात्रता तुमच्या हप्त्याने कमी होईल. हे त्याला आधी सांगा आणि मगच सही घ्या.

टप्पा ३: सहा महिने हप्ता भरून बघा

घराचा येऊ घातलेला खर्च (हप्ता आणि वरचे ५,०००) साधारण २५,८०० रुपये, आजचं भाडं ११,०००. फरक १४,८००. पगार जमा होईल त्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात वळवा. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, यूपीआय जोडू नका. घरी राहत असाल तर पूर्ण २५,८०० वळवा.

या सहा महिन्यांत एप्रिल ते जून यायलाच हवेत. हिवाळ्यात केलेली तालीम नागपुरात खोटी ठरते. साधारण २०० वॅटचा कूलर दिवसाला १५ तास चालला तर ३ युनिट, महिन्याला ९० युनिट. महावितरणच्या दरात १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० नंतर वरचा टप्पा लागतो. हिवाळ्यात १०० युनिटांच्या आत राहणारं एकट्याचं बिल मे महिन्यात एका कूलरनेच वरच्या टप्प्यात जातं, एसी लावला तर आणखी वर. शिवाय हंगामाच्या सुरुवातीला कूलरच्या ताट्या बदलणं, पंप जळाला तर नवा पंप आणि पाण्याचा वाढलेला वापर आहेच.

तपासा: सहा महिन्यांत त्या खात्यातून एकदाही पैसे परत काढावे लागले नाहीत तर आकडा खरा आहे. दोनदा काढावे लागले तर कर्ज दोन-तीन लाखांनी कमी धरा. या खात्यात जमलेले ८८,००० च्या वरचे रुपये टप्पा ४ मध्ये कामी येतात.

टप्पा ४: हातात किती रोकड लागेल

बहुतेकांना वाटतं, २० टक्के जमले की झालं. आपल्या ३२ लाखांच्या तयार फ्लॅटचं चित्र असं दिसतं:

स्वतःचा हिस्सा: ८,००,०००
मुद्रांक शुल्क, ७ टक्के धरून: २,२४,०००
नोंदणी शुल्क: ३०,०००
वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), बँकेची प्रोसेसिंग फी, मूल्यांकन, गहाणाची नोंद: ४५,०००
ब्रोकर १ टक्का धरून: ३२,०००
पंखे, दिवे, ग्रील, पडदे, कूलर, गॅस, सामान हलवणं: १,५०,०००

बेरीज १२,८१,०००. यातला वकील, ब्रोकर आणि सामानाचा खर्च माझा अंदाज आहे, तुमचा कमीजास्त होईल. बाकीचे नियमाने ठरलेले आकडे असे समजून घ्या.

मुद्रांक शुल्क नागपूर शहरात ५ टक्क्यांवर स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्क्यांच्या आसपास जातं. ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरतक्त्यातली) किंमत यांतल्या जास्तीच्या रकमेवर लागतं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर होत असेल तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ३२,००० रुपये वाचतात. नोंदणी शुल्क १ टक्का असलं तरी ते ३०,००० रुपयांच्या वर जात नाही.

कर्जाची मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत. १० लाखांपेक्षा महाग घराची किंमत धरताना त्यात मुद्रांक आणि नोंदणी शुल्क मोजलं जात नाही. हे दोन्ही खर्च तुमच्याच खिशातून जायचे आहेत.

बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घेणार असाल तर जीएसटीची ओळ वाढवा. नागपुरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या (म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षेत्रफळाच्या) आणि ४५ लाखांच्या आतल्या घराला १ टक्का, त्यापुढे ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला परवानगी देणारा सरकारी दाखला) मिळाल्यावर विकल्या गेलेल्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकाच वेळी चालतं. एकट्याच्या पगारावर मी तयार घराच्या बाजूने आहे.

आता बारा लाख ऐंशी हजारांच्या वर संकटासाठीचा निधी ठेवा. घराचे २५,८०० आणि राहण्याचे २२,००० मिळून महिना ४७,८००. सहा महिन्यांचे साधारण २ लाख ८७ हजार. हा पैसा रजिस्ट्रीच्या दिवशीही खात्यात शिल्लक दिसला पाहिजे. बँकेला, ब्रोकरला किंवा विकणाऱ्याला तो सांगायचा नाही.

आईवडील हातभार लावणार असतील तर रक्कम बँकेतून वळवा आणि ती भेट आहे असं साध्या कागदावर सहीने लिहून घ्या. आईवडिलांकडून आलेल्या भेटीवर आयकर नाही, पण बँक पैसा कुठून आला ते विचारते. परत द्यायची रक्कम असेल तर तिचा महिन्याचा हप्ता टप्पा २ च्या ४० टक्क्यांत मोजा.

टप्पा ५: घर बघण्याआधी बँकेकडून लेखी आकडा घ्या

सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा इतिहास, वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो काढा आणि जुनं बंद केलेलं क्रेडिट कार्ड किंवा मोबाइलचं कर्ज अजून चालू दिसतं का ते बघा. चूक दुरुस्त व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम आधीच करा. पुढचे काही महिने नवं कार्ड किंवा ईएमआयवर फोन घेऊ नका.

दोन-तीन बँकांकडून पूर्वमंजुरी मागा. तुलना करताना व्याजाचा दर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी) जोडलेला आहे का, त्यावर बँकेचा फरक किती, प्रोसेसिंग फी किती आणि कर्जासोबत विमा गळ्यात मारताहेत का हे विचारा. कर्जाच्या रकमेत मिसळलेला एकरकमी विमा सक्तीचा नसतो. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर कर्जाइतक्या रकमेचा साधा टर्म विमा वेगळा घ्या.

दर १ टक्क्याने वाढला तर आपल्या उदाहरणात हप्ता सुमारे १,५५० रुपयांनी चढतो. बँकेने विचारणा केली नाही तर बऱ्याचदा हप्ता तेवढाच राहून मुदत लांबते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांनुसार हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. तो वापरा.

टप्पा ६: घर बघताना पैशाचे प्रश्न

मे महिन्यात दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा. पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला म्हणजे दरवर्षीचं जास्तीचं वीजबिल. विकणाऱ्याकडे महावितरणचं ताजं बिल मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बोट ठेवून मे आणि जूनचे युनिट वाचा. बिल दाखवायला टाळाटाळ झाली तर थकबाकी असू शकते.

पाण्याचं चौकीदाराला विचारा: मागच्या उन्हाळ्यात आठवड्याला किती टँकर आले, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये होते की वेगळे गोळा केले? शहराच्या कडेच्या पट्ट्यांत, विशेषतः बोअरवेलवर चालणाऱ्या स्कीममध्ये, हा प्रश्न मेंटेनन्सचा आकडा बदलून टाकतो.

येण्याजाण्याचा खर्च मोजा. हिंगणा रोडचा स्वस्त फ्लॅट आणि कामठी रोडवरची नोकरी असेल तर वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात. मेट्रो स्टेशनपासून घर किती मिनिटांवर आहे ते स्वतः चालून बघा.

किंमत कार्पेट क्षेत्रफळावर तोला. सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा हिस्सा धरून मोजलेल्या क्षेत्रफळाचा, दर स्वस्त भासतो. एकूण किंमत भागिले कार्पेट, एवढंच सगळ्या घरांसाठी लिहा.

कागदांत नागपूरच्या काही खास गोष्टी आहेत. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या ले-आउटवरची स्कीम असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल पत्र (भूखंड नियमित केल्याचं पत्र) आहे का ते आधी विचारा. ते नसेल तर अनेक बँका कर्ज देत नाहीत, आणि नियमितीकरणाची थकलेली रक्कम शेवटी घेणाऱ्याच्या माथी येऊ शकते. शहराबाहेरच्या पट्ट्यात एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी बघा. जुन्या शहरात जागा नझूलची (सरकारी मालकीची, लीजवर दिलेली) असेल तर लीजचं नूतनीकरण झालं आहे का ते आखीव पत्रिकेवरून (प्रॉपर्टी कार्डावरून) तपासा. इथल्या बऱ्याच स्कीम सोसायटीऐवजी अपार्टमेंट कायद्याखाली असतात, तेव्हा डीड ऑफ डिक्लेरेशनची (इमारतीतले फ्लॅट आणि सामाईक जागा नोंदवणाऱ्या दस्ताची) प्रत मागा. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्याशिवाय पुढे जाऊ नका. सर्च रिपोर्ट ३० वर्षांचा आणि स्वतःच्या वकिलाकडून घ्या.

टप्पा ७: बयाणा

इथे सर्वांत जास्त पैसे अडकतात, म्हणून थोडं थांबून वाचा. बयाणा द्यायचा तो चेकने किंवा बँक ट्रान्सफरने. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. ब्रोकरच्या खात्यात बयाणा टाकू नका.

बयाणापत्रात ही वाक्यं हवीतच: मालमत्तेच्या कागदांमुळे कर्ज नाकारलं गेलं तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल, रजिस्ट्री अमुक तारखेपर्यंत होईल, त्या दिवसापर्यंतचा कर, वीज, पाणी आणि मेंटेनन्स विकणारा भरेल, पार्किंगची कोणती जागा फ्लॅटसोबत आहे. तोंडी दिलेलं पार्किंग नंतर मिळत नाही.

बिल्डरकडून बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेत असाल तर रेरा कायद्यानुसार (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार) नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक घालून ताब्याची तारीख तपासा.

इशारा: "थोडी रक्कम नगद द्या, कागदावर किंमत कमी दाखवू" असं कोणी म्हटलं तर गणित करून बघा. बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते. ३२ लाखांऐवजी २६ लाख दाखवले तर वरचे सहा लाख पूर्ण तुमच्या खिशातून जातात, कर्जाची मर्यादा खाली येते आणि त्या सहा लाखांची पावती कुठेच नसते. कायद्याच्या दृष्टीनेही हा गुन्हा आहे. सरळ नाही म्हणा.

टप्पा ८: मंजुरी ते रजिस्ट्री, पैसे सोडण्याचा क्रम

आधी बँकेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी पूर्ण होऊ द्या. मंजुरीपत्र हातात आल्यावर तुमच्या हिश्श्याचा मोठा भाग द्या, त्याआधी नाही. विकणाऱ्याचं जुनं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून थकीत रकमेचं पत्र घ्या आणि पैसे थेट त्या कर्जखात्यात जातील असं ठरवा. मुद्रांक आणि नोंदणीचं चलन ऑनलाइन भरताना नाव, गट किंवा खसरा क्रमांक आणि रक्कम दोनदा वाचा. परतावा मिळवणं वेळखाऊ असतं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून भरणं घेणाऱ्याची जबाबदारी आहे. आपल्या उदाहरणात ती येत नाही.

बँकेचा चेक विकणाऱ्याच्या हाती पडतो तेव्हा किल्ल्याही तुमच्या हाती पडल्या पाहिजेत. निघताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. बँकेने ठेवून घेतलेल्या मूळ कागदांची सही-शिक्क्याची यादी मागा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. यादी नसेल तर काय परत आलं नाही हे सिद्ध करता येत नाही.

टप्पा ९: पहिलं वर्ष

पहिल्या महिन्यात सूची क्रमांक दोनची (रजिस्ट्रीच्या नोंदीच्या उताऱ्याची, म्हणजे इंडेक्स टूची) प्रत घेऊन मनपाच्या मालमत्ता करात नाव, महावितरणच्या मीटरवर नाव, पाण्याच्या जोडणीवर नाव आणि अपार्टमेंटच्या यादीत नाव, ही चार कामं उरका. खात्यांना, विम्याला नॉमिनी लावा आणि साधं मृत्युपत्र करून ठेवा. एकट्या मालकाच्या घरात हे राहून गेलं की मागच्यांना बरीच धावपळ करावी लागते.

सामानाचे दीड लाख एकदम संपवू नका. आधी पंखे, कूलर, गॅस, गादी आणि दाराचं चांगलं कुलूप. सोफा, मॉड्युलर किचन आणि मोठा टीव्ही सहा महिन्यांनी. नव्या घरासाठी क्रेडिट कार्डवर घेतलेल्या फर्निचरचे हप्ते हे पहिल्या वर्षी बजेट मोडण्याचं सर्वांत मोठं कारण मला दिसतं.

पैशाची विभागणी पगाराच्या दिवशीच करा. हप्ता जाणारं खातं वेगळं ठेवा आणि त्यात एक जास्तीचा हप्ता कायम पडून राहू द्या. पगार दोन दिवस उशिरा आला तरी हप्ता परत जाणार नाही आणि सिबिल खराब होणार नाही. दुरुस्तीचे १,२०० दुसऱ्या खात्यात टाका. पावसाळ्यात गच्चीची गळती निघाली की तेच पैसे उपयोगी पडतात.

तपासा: घरकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळेल असं धरून बजेट करू नका. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत आहे. दोन्हीकडे कर किती येतो ते मांडून मग निवडा.

टप्पा १०: जास्तीचे पैसे कर्जात कधी भरायचे

संकटाचा निधी पूर्ववत झाल्यावरच. त्याआधी बोनस कर्जात टाकला आणि पुढच्या महिन्यात गरज पडली तर वैयक्तिक कर्ज घ्यावं लागतं, आणि ते कितीतरी महाग पडतं.

निधी भरला असेल तर लवकर सुरुवात करा. आपल्या २४ लाखांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातल्या २०,८३० पैकी १७,००० रुपये नुसतं व्याज असतं. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर २० वर्षांचं कर्ज सुमारे तीन-साडेतीन वर्षं आधी संपतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड बँक लावू शकत नाही. रक्कम भरताना हप्ता कमी करायचा की मुदत, हे अर्जात लिहून द्या. पगार स्थिर असेल तर मुदत कमी करा. नोकरी डळमळीत वाटत असेल तर हप्ता कमी करा. मग आठवड्याभराने नवीन परतफेडीचा तक्ता मागवून शेवटच्या हप्त्याची तारीख खरंच अलीकडे आली आहे का ते बघा.